सेंट हेलेनाचे जावईबापू

आमच्या घराला एक जावई होता, आणि त्याला आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. त्याला नाक नव्हतं, कान नव्हते, उजवा हात नव्हता, डाव्या हाताचा अंगठाही नव्हता, आणि मुख्य म्हणजे तो मरून पाचशे वर्षं होत आली होती. तरी त्याचा विषय निघाल्याशिवाय आमचं जेवण होत नसे. अम्मी बांगड्याचं कालवण वाढता वाढता हात थांबवून म्हणायची, "जावईबापू तिथे काय खात असतील गो? मासे मिळतील ढीगभर, पण कोकम कुठलं?" अब्बा म्हणायचे, "आधी माझ्या ताटात वाढ, तो काही उठून येत नाही." आणि मामू गंभीर तोंड करून म्हणायचे, "येईल, येईल. इन्शाल्ला येईल. व्हिसाचं तेवढं बघावं लागेल." हा जावई घरात आणला मी. तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आणि अंगात इतका वात्रटपणा होता की अम्मी मला दिवसातून दोनदा तरी विकायला काढायची.

आम्ही आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचो. बाहेरून बघाल तर मोठा थोरला व्हिला, पण आत त्याचे पाच तुकडे करून पाच कुटुंबांना दिलेले. आमच्या तुकड्यात दोन खोल्या, एक लांबुळकं स्वयंपाकघर, आणि दाराशी एक खोली, जी मूळ मालकाने पाहुण्यांच्या बैठकीसाठी बांधली होती. त्या खोलीत मामू राहायचे. मामू म्हणजे अम्मीचे थोरले भाऊ. मुसाफ्फ्यात, म्हणजे जवळच्या कारखान्यांच्या भागात, एका गॅरेजच्या स्टोअरमध्ये ते स्टोअरकीपर होते, अडतीस वर्षं. पहाटे मशिदीची अजान, मग मामूंचं खाकरणं, मग वरच्या केरळी बिऱ्हाडाचा मिक्सर, मग मुसाफ्फ्याकडे जाणारे ट्रक, आणि या सगळ्यांच्या खाली चोवीस तास एसीची घरघर. एसी बंद पडला की आम्ही सगळे दचकून जागे व्हायचो. घरात आम्ही आमची कोकणी बोलायचो. इथे मी शाळकरी मराठी लिहिते आहे, कारण ती कोकणी माझ्या नातवंडांना येत नाही, आणि ही मराठीही येत नाही, तेव्हा निदान कुणाला तरी वाचता यावं. मला फार बोलायला तोंड नाही म्हणा. अम्मीने हाक मारली की मीही "कमिंग, अम्मी!" असंच ओरडायचे, आणि यायचे मात्र नाही.

तर, आमच्या वर्गात भूगोलाच्या अ‍ॅनी मिसनी बेटांचा प्रोजेक्ट काढला. चिठ्ठ्या टाकल्या. अटलांटिक महासागरातलं एकेक ज्वालामुखीचं बेट एकेकीच्या वाट्याला. माझ्या मैत्रिणीला कॅनरी मिळालं, तिथे समुद्रकिनारे, हॉटेलं, सगळी चैन. दुसरीला आइसलँड. मला सेंट हेलेना. नकाशात बघितलं तर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या मधोमध माशी बसावी एवढा ठिपका. मी मिसना म्हटलं, "मिस, इट्स नॉट इव्हन देअर!" मिस म्हणाल्या, "देन यू विल पुट इट देअर, नाझनीन." मी तणतणत घरी आले. पण वाचायला घेतलं आणि मला त्या ठिपक्याने जे धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. समुद्राच्या तळातून ज्वालामुखी उसळत उसळत वर आलेला, मग कधीचा थंड पडलेला. चहूबाजूंनी काळेकभिन्न कडे, नुसता उघडा दगड, गवताचं पातं नाही. बोट लावायला धड जागा नाही. जहाजातून बघणाऱ्याला वाटावं, इथे काय आहे, चला पुढे. आणि आत चढून गेलं की धुकं, ओढे, माणसाएवढे नेचे, आबनुसाची झाडं. हजारो वर्षं तिथे माणूस नव्हता. माणसाला बघून उडायचं असतं हेही पक्ष्यांना माहीत नव्हतं. मग हिंदुस्थानातून परतणाऱ्या पोर्तुगीजांना ते सापडलं. ते गोडं पाणी भरून घेऊ लागले, शेळ्या सोडून गेले, आणि शेळ्यांनी जंगल खायला सुरुवात केली.

आणि तिथे राहायला गेलेला पहिला माणूस कोण? गोव्यात फितूर झालेला एक पोर्तुगीज शिपाई. तो विजापूरकरांना जाऊन मिळाला, मुसलमान झाला, इकडचीच बायको केली. पुढे पोर्तुगीजांनी त्याला पकडलं. जीव घेणार नाही असा शब्द दिला होता म्हणून जीव तेवढा ठेवला, बाकी नाक, कान, हात, सगळं कापलं. काही वर्षांनी तो जहाजाने मायदेशी निघाला. वाटेत सेंट हेलेनाला जहाज पाण्यासाठी थांबलं, तर हा उतरला आणि रानात लपून बसला. शोधून शोधून दमले आणि बिस्किटं, सुकं मांस, विस्तव मागे ठेवून निघून गेले. त्याने एक भुयार खणलं आणि त्यात राहू लागला. पुढच्या वर्षी एक जहाज आलं, त्यावरून एक कोंबडा पाण्यात पडला, तो वाहत किनाऱ्याला लागला. याने त्याला उचललं, दाणे घातले. कोंबडा दिवसभर याच्या मागे मागे हिंडायचा आणि रात्री भुयारात शेजारी झोपायचा. जहाज दिसलं की दोघेही लपायचे.

हे मी जेवताना सांगितलं तेव्हा मामूंचा घास हातातच राहिला. "इकडचीच बायको म्हणजे कुठली?" त्यांनी विचारलं. पुस्तकात यापुढे अवाक्षर नव्हतं. मी डोळ्याचं पातंही न हलवता म्हटलं, "रत्नागिरीची. आपल्याच खाडीपलीकडची." बस्स! मामूंनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे जावई की आपला!" अम्मीच्या डोळ्यांत पाणीच आलं, "अरे देवा, जावयाचे असे हाल केले मेल्यांनी!" अब्बा तेवढे मान खाली घालून हसत होते. त्यांना कळलं होतं, पण माझी थाप त्यांनी मोडली नाही, आणि मी तो मोठा गुण समजते. त्या दिवसापासून तो शिपाई जावईबापू झाला. त्याचं खरं नाव मी घरात सांगितलंच नाही, सांगितलं असतं तरी कुणी घेतलं नसतं.

त्याच दिवसांत मामूंचं जाण्याचं ठरलं होतं. वय झालं, कंपनीने व्हिसा रद्द केला आणि अडतीस वर्षांनी पासपोर्ट कायमचा त्यांच्या हातात दिला. आता कायमचं गावाला. शुक्रवारी दुपारचं विमान. घरात खोकी, खोकी आणि खोकी. कंबलं, टॉर्च, बाम, दुधाची पावडर, सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. गावाहून मामी रोज फोन करायच्या, कॅमेरा घेऊन नवं घर दाखवायच्या: ही बाथरूम, ही टाइल, हा तुमचा पंखा. मामू "छान, छान" म्हणायचे आणि फोन ठेवला की मागच्या अंगणात जाऊन सिगरेट ओढायचे. मी तिथेच एसीच्या डब्यांशेजारी बसून माझं बेट करत होते. कार्गोच्या खोक्याचा तळ, वर्तमानपत्रं, खळ. मामूंनी गॅरेजमधून रंगाचा डबा आणून दिला. तो निघाला गाड्यांना मारायचा. तो फवारल्यावर माझा ज्वालामुखी शोरूममधल्या गाडीसारखा चकाकू लागला. "पॉलिश केलेलं बेट आहे गो हे," मामू म्हणाले, आणि हट्टाने एक प्लास्टिकचा कोंबडा त्यावर चिकटवला. कोंबडा डोंगराच्या निम्म्या उंचीचा होता. मी म्हटलं, "मामू, स्केल!" ते म्हणाले, "एकट्या माणसाला कोंबडा तेवढाच दिसतो."

मामू जाणार हे मला अजिबात मान्य नव्हतं. मला मारापासून कोण वाचवणार? गुरुवारी मुसाफ्फ्याहून गरम पराठे कोण आणणार? माझ्या थापांवर मांडीवर थाप मारून "वा!" कोण म्हणणार? मी खरंच रडले होते, पण आंघोळीच्या वेळी, नळ सोडून, कारण रडक्या पोरींना मी हसायची. आणि मग मला ती युक्ती सुचली. आमच्या घरात पासपोर्टांना जो मान होता तो पाहुण्यांनाही नव्हता. बिस्किटांच्या निळ्या डब्यात, अम्मीच्या कपाटात, दुपट्ट्यात गुंडाळून. मी सरळ हिशेब केला: पासपोर्ट नाही तर विमान नाही, विमान नाही तर मामू इथेच. मंगळवारी संध्याकाळी अम्मी नमाजला उभी असताना मी मामूंचा पासपोर्ट काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, आणि ज्वालामुखीच्या तोंडातून आत सोडला. वर कागदाचा बोळा, त्यावर खळ, त्यावर लाल रंगाचा लाव्हा. माझ्यासारखी हुशार मुलगी आखाती देशांत दुसरी नसेल असं मला वाटलं.

बुधवारी सकाळी अब्बांनी बेट गाडीत घालून शाळेत पोचवलं. मिसनी ते हॉलमध्ये ठेवून कुलूप लावलं, प्रदर्शन गुरुवारी. आणि बुधवारी दुपारी अब्बांनी चेक-इन करायला म्हणून निळा डबा उघडला. पुढचे चार तास आमच्या घरात जे झालं ते सांगायला मला आजही लाज वाटते आणि हसूही येतं. अम्मीने सगळ्या खोक्यांच्या टेपा टराटरा फाडल्या. दुधाची पावडर बाहेर, कंबलं बाहेर, बाम बाहेर. वरच्या केरळी बाई "काय झालं?" म्हणून खाली आल्या आणि त्याही शोधू लागल्या. सगळ्यात जोरात शोधत होते मामू. त्यांनी फ्रीज उघडून बर्फाखाली बघितलं. वॉशिंग मशीनमध्ये डोकं घातलं. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. "इथे नाही," ते मोठ्याने सांगायचे आणि तोंडात शेंगदाणे टाकायचे. मला तेव्हाच काहीतरी खटकलं.

मग अब्बा मटकन खाली बसले. "भाईसाहेब, व्हिसा रद्द झालाय. रविवारपर्यंतच राहता येतं. त्यानंतर रोजचा दंड, वर बेकायदा राहिल्याची भानगड. पोलिसांत तक्रार, वकिलातीचा कागद, एवढ्या दिवसांत कसं होणार?" इथे जन्मलेल्या पोरांची ही खास चूक: आम्हाला वाटायचं, राहायला लागतो तो पासपोर्ट. व्हिसा नावाची दोरी कुणी दुसऱ्याने धरलेली असते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर मामू तुरुंगात दिसू लागले. मी उठून मागच्या अंगणात गेले. मामू तिथे सिगरेट ओढत होते.

"मामू," मी म्हटलं, "तुमचा पासपोर्ट सेंट हेलेनात आहे."

"ठाऊक आहे मला," मामू म्हणाले. "तू बोळा नीट बसवला नाहीस म्हणून मीच तो मग आत दाबला."

"तुम्ही बघितलंत? मग बोलला का नाहीत?"

मामूंनी सिगरेट विझवली. बराच वेळ त्यांनी ती विझवली. "नाजू, मी दर दोन वर्षांनी गावाला जातो, चाळीस दिवस. पापलेटची तळलेली तुकडी माझ्या ताटात. चांगली चादर माझ्या खाटेवर. पोरं हळू बोलतात, पाहुणा झोपलाय म्हणून. रस्त्यात भेटेल तो विचारतो, कधी आलात, परत कधी? आता विचारतील तर मी काय सांगू? घर मी बांधलं, पण त्यात दिव्याचं बटण कुठे आहे ते मला माहीत नाही. तुझ्या मामीशी लग्नाला छत्तीस वर्षं झाली. सगळे दिवस एकत्र केले तर दोन वर्षं भरत नाहीत." मग एकदम माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "मला वाटलं, जहाज पुढे जाईपर्यंत लपून बसावं. तुझ्याच जावयाने शिकवलं." आता मी मामूंच्या वयाची झाले तरी मला ते नीट कळलंय असं नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली ती माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

आत जाऊन मामूंनी जाहीर केलं, "पासपोर्ट माझ्याकडे आहे. उद्या नाजूचं प्रदर्शन बघायचं, मग देतो." अब्बा संतापले. "माझ्याकडे म्हणजे? चार तास तुम्ही फ्रीजमध्ये काय शोधत होता?" मामू म्हणाले, "थंड पाणी." माझं नाव त्यांनी काढलं नाही. अम्मीने खोकी पुन्हा भरली आणि प्रत्येक टेप ओढताना भावाला एकेक शिवी घातली.

गुरुवारी आम्ही सगळे शाळेत. अब्बा अर्धा दिवस रजा टाकून, अम्मी ठेवणीतला बुरखा घालून, मामू कडक इस्त्रीच्या शर्टात. माझं बेट ट्यूबलाइटखाली लखलखत होतं. मी घडाघडा बोलले: ज्वालामुखी, कडे, धुकं, शेळ्या, मग शिपाई आणि त्याची रत्नागिरीची बायको. अ‍ॅनी मिस खूश. "एक्सलंट! हे मॉडेल आपण ऑफिसबाहेर काचेच्या कपाटात ठेवणार. होल इयर!" म्हणजे पासपोर्टही वर्षभर कुलपात! मी मामूंकडे बघितलं, मामू कपाटाकडे. एवढ्यात मिसनी विचारलं, "पण नाझनीन, टेल मी. पुढे राजाने त्याला मायदेशी बोलावलं, पोपकडे नेलं, माफी मिळाली. घर होतं, माणसं होती. तरी तो म्हणाला, मला परत बेटावर सोडा. व्हाय?"

हे माझ्या कागदावर नव्हतं. तेवढ्यात मागून मामू उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "मिस, घरी राहायला हिंमत लागते. बेटावर राहायला नुसता कोंबडा पुरतो." सगळे हसले. अम्मी हसली नाही. तिने मान वळवून भावाकडे बघितलं ते बघतच राहिली. मामू मात्र थांबले नाहीत. ते सरळ पुढे आले, "मिस, एक मिनिट," म्हणाले आणि उजवा हात ज्वालामुखीत घातला. बोळा आत गेला, हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. मामू ओढताहेत, बेट हलतंय, कोंबडा निखळून पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या पर्समध्ये. मी बेट धरलं, अब्बांनी मामूंना धरलं. "यल्ला, ओढा!" कुणीतरी ओरडलं. फटकन आवाज झाला, सेंट हेलेनाचे दोन तुकडे झाले, आणि मामूंच्या लाल रंगाने माखलेल्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतला पासपोर्ट. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"व्हॉट इज दॅट?" मिस म्हणाल्या.

मी म्हटलं, "मिस, दॅट इज द पासपोर्ट ऑफ द फर्स्ट सेटलर." मला पूर्ण मार्क मिळाले. काचेच्या कपाटात मात्र कॅनरी गेलं.

परत येताना अब्बांनी गाडी मेन रोडला घातली, सिग्नलला थांबले, आणि आरशातून माझ्याकडे असं बघितलं की मी सीटखाली घसरले. "घरी चल तू," एवढंच म्हणाले. अम्मी पुढच्या सीटवरून मागे वळली. "भाई," ती म्हणाली, "तुला जायचं नव्हतं तर मला सांगायचं होतंस. मी खोक्यांवर तुझं नाव कशाला लिहीत बसले असते?" मामू खिडकीतून बाहेर बघत होते. "तुला सांगून काय झालं असतं? व्हिसा खलास. आणि जायचं नव्हतं असं नाही गो. भीती वाटत होती, बस्स."

तेवढ्यात मामींचा फोन आला. मामूंनी उचलला. हाताचा लाल रंग फोनला लागू नये म्हणून त्यांनी तो मांडीवर ठेवून स्पीकर लावला. मामी लगेच सुरू, "मिळाला का पासपोर्ट? कुठे होता?"

"होता. नाजूने लपवला होता, आणि मी तिला लपवू दिला," मामू म्हणाले. मला वाटलं आता मामी तिकडून कडाडणार. अब्बांनीही गाडीचा वेग कमी केला. मामू घाईघाईने म्हणाले, "तुला राग येईल, माहीत आहे. पण मला तिथे कायमचं राहता येईल की नाही, काही समजत नाही. खरं तेच सांगतो."

मागे कुठेतरी मामींचा नवा पंखा फिरल्याचा आवाज येत होता. मग मामी हळू आवाजात बोलल्या, आणि इतक्या वर्षांत मी त्यांचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

"राग कसला? मी महिनाभर झोपलेले नाही. चाळीस दिवस तुम्हाला काय रांधून घालायचं, कुणाकडे न्यायचं, काय बोलायचं, सगळं मला येतं. छत्तीस वर्षं तेवढंच केलंय. एकेचाळिसाव्या दिवशी काय करायचं, ते मला येत नाही हो. कुणाला विचारू?"

मामू हसले. हसता हसता त्यांनी तो लाल हात तोंडावर धरला, आणि आम्हाला कळलं की ते हसत नाहीयेत.

"मलाही येत नाही," ते म्हणाले. "थांब. उद्या येतोय मी."